उरलेलं पाणी

परिपत्रक आलं ते गुरुवारी, आणि गुरुवारी सुगंधाबाईंचा उपास. उपासाच्या दिवशी आपल्या हातून खोटं लिहिलं जाऊ नये म्हणून त्या गुरुवारी कचेरीचे कागद शक्यतो बाजूला ठेवत. पण हा कागद बाजूला ठेवण्यासारखा नव्हता. शिक्षणावरचा खर्च वाढत चालला आहे, तिजोरीवर ताण आहे, तरी प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतला वाचवता येण्याजोगा निदान एक खर्च स्वतः शोधून आठ दिवसांत कळवावा, असं त्यात लिहिलं होतं. साल नव्वद, महिना फेब्रुवारीचा.

शाळा गोडदेवच्या कडेला होती. भाताची खाचरं संपून मिठागरं सुरू व्हायची तिथे. नाव काहीही असो, लोक तिला मिठागराकडची शाळा म्हणत. तीन खोल्या, चार वर्ग, आवारात एक बदामाचं झाड. वीज नव्हती, त्यामुळे विजेचं बिल नव्हतं. खडू होते, पण सुगंधाबाई खडूचे तुकडेसुद्धा पत्र्याच्या डब्यात जपून ठेवणाऱ्या. जिथे उधळायलाच काही नाही तिथे वाचवायचं काय? टेबलाशी बसून बाई कौलांकडे बघत राहिल्या. सहा वर्षं त्या या शाळेत होत्या आणि आपल्या शाळेत उधळपट्टी शोधायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

संध्याकाळी पाचाला मुलं गेली. पाणी भरणाऱ्या भीमाबाई आल्या आणि त्यांनी व्हरांड्यातला मोठा माठ उचलून बदामाच्या बुंध्याशी कलता केला. पाणी बराच वेळ पडत राहिलं.

"एवढं उरतं?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"उरतंय की."

"रोज?"

"रोजच." भीमाबाईंनी माठ पालथा घातला. "म्हनून तर झाड असं माजलंय."

झाड खरंच माजलं होतं. गावात टँकरपुढे भांडी घेऊन भांडणं होत असताना हे एक झाड तेवढं सुखात होतं.

भीमाबाई मूळच्या परभणीकडच्या. नवरा कोंडिराम भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात भांड्यांना पॉलिश मारायचा, मुलगी मानसी याच शाळेत चौथीला. सार्वजनिक नळ शाळेपासून चांगला दूर. तिथून भीमाबाई रोज सकाळी पाच हंडे आणत, एक डोक्यावर, एक कमरेवर, अशा तीन खेपा. त्याचे महिन्याला पंच्याहत्तर रुपये. बाळंतपणानंतर त्यांची कंबर धरलेली होती. तिसऱ्या खेपेला त्या फाटकाशी थांबून श्वास घेत. सुगंधाबाईंनी ते कितीदा तरी पाहिलं होतं.

म्हणून त्यांना वाटलं, देवानेच दाखवलं. अर्धं पाणी झाडाला जातं, मग पाच हंडे आणायचेच कशाला? दोन पुरतील. बाईची कंबर वाचेल, पाणी वाचेल आणि कागदाचंही काम होईल. त्यांनी समासात नेहमीसारखं बारीक 'श्री' काढलं आणि लिहिलं: 'हल्ली बहुतेक मुले घरूनच वॉटरबॅग आणतात. शाळेत भरलेले पाणी निम्मे उरते. सबब पाणी भरण्याचे काम निम्म्याने कमी करता येण्यासारखे आहे.' खाली सही केली. मन हलकं झालं. त्या रात्री त्यांनी उपास सोडला तो समाधानाने.

महिनाअखेर बीटातल्या, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांच्या, मुख्याध्यापकांचं संमेलन एका शाळेच्या वर्गात भरलं. विस्तार अधिकारी पंढरीनाथ गोसावी हा मोठा बोलका माणूस. तपासणीला आला तरी पाहुण्यासारखा वागायचा. त्याने समोरचा गठ्ठा टेबलावर आपटला.

"पंधरा शाळा. चौदांनी काय लिहिलंय ऐका. 'बचतीस वाव नाही.' शुद्धलेखनाच्या चुकांसकट एकमेकांचं उतरवलंय. आमच्या बाबाजी सरांनी तर लिहिलंय, शाळेचं छप्पर वाचवता आल्यास पाहावे."

मागच्या बाकावरून बाबाजी सर म्हणाले, "खोटं काय त्यात, साहेब? गळतंय." वर्ग हसला.

"आणि ही एक," पंढरीनाथने कागद उंच धरला, "सुगंधा राऊतबाईंची. विचार करून लिहिलेली, आकड्यात बसणारी. वर इतकी आवडली की, आदर्श सूचना म्हणून सगळ्यांना लागू करायचा विचार आहे. तुमच्या शाळेचं पाणी भरण्याचं काम एक एप्रिलपासून बंद. बाकीच्या चौदा शाळांचा निर्णय मार्चच्या संमेलनात. त्या दिवशी बाईंनी दहा मिनिटं ही सूचना सगळ्यांना समजावून सांगायची."

टाळ्या वाजल्या. सुगंधाबाईंना त्या दुसऱ्याच कोणासाठी वाजतायत असं वाटलं. संमेलन उठल्यावर त्या पंढरीनाथच्या मागे गेल्या.

"साहेब, मी बंद करा असं नव्हतं लिहिलं. पाचाचे दोन हंडे करा, एवढंच."

"अहो, दोन हंड्यांना बाई कशाला लागते? दोन हंडे चौथीची पोरंसुद्धा आणतील." तो हसला. "तुमच्यामुळे माझी लाज राखली गेली, बाई. आता मागे नका घेऊ."

चौथीची पोरं. चौथीत पोरगे सात होते आणि पोरी अकरा. हंडा कोणाच्या डोक्यावर जाईल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भीमाबाईंना व्हरांड्यात थांबवलं आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. आपणच लिहिलं, कशासाठी लिहिलं, काय झालं. भीमाबाई माठाला बाहेरून नारळाच्या शेंडीने घासत होत्या. घासणं थांबलं नाही.

"व्हय का," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, तुमची कंबर..."

"कंबर माजी हाय, बाई. तिचं मी बघितलं आस्तं."

सुगंधाबाई काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या, "पण पाणी उरतं हे खरंच ना, भीमाबाई? हल्ली मुलांना त्या वॉटरबॅगांचं वेड लागलंय."

भीमाबाईंचा हात थांबला. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. काहीतरी ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "येडच म्हना."

ते 'येडच म्हना' सुगंधाबाईंच्या मनातून जाईना. घरी पोथी वाचताना ओळ सुटायची, परत वर जाऊन वाचावं तर तीच ओळ दुसऱ्यांदा वाचली जायची. मुलाने विचारलं, "आई, तू दोनदा मीठ घातलंस का आमटीत?" त्यांनी चव घेऊन पाहिली. घातलं होतं.

मार्च लागला. ऊन तापलं. मिठागरांवरून येणारा वारा ओठांना चरचरायचा. एका दुपारी तिसरीतली सलोनी वहीवर डोकं टेकून बसलेली दिसली. गोडदेवच्या जुन्या शेतकरी घरातली ही पोर, रखमाबाईंची नात. शाळेची जागा एकेकाळी त्यांच्याच खाचराची.

"काय गं, वॉटरबॅग संपली?"

"हो बाई."

"मग माठातलं पी जा ना."

सलोनी उठली नाही. "सुट्टीत घरी जाऊन पिते, बाई. जवळच आहे."

"सुट्टीला तासभर आहे. माठ तर हा इथे आहे."

"आजीने सांगितलंय. माठातलं प्यायचं नाही."

"का? माठात काय आहे?"

सलोनीने माठाकडे पाहिलं, मग बाईंच्या टेबलावर तांब्याचा तांब्या होता त्याकडे. फडक्यात गुंडाळलेला, वर फुलपात्र उपडं. तिने अगदी साधेपणाने म्हटलं, "तुम्ही पण नाही पीत ना, बाई."

त्याच खोलीत पलीकडे चौथीच्या रांगेत बसलेली मानसी उठली. न विचारता व्हरांड्यात गेली, ओगराळ्याने पेला भरला, सगळा प्याली, मनगटाने तोंड पुसलं आणि येऊन जागेवर बसली. तिला तहान नेमकी त्याच क्षणी लागायची होती जणू. सुगंधाबाईंनी फळ्यावर अर्धवट लिहिलेला भागाकार पुरा केला आणि त्यात बाकी चुकवली.

तांब्याचं असं होतं. सहा वर्षांपूर्वी, या शाळेत बदली झाली त्याच साली, मुलाला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले, बाहेरचं पाणी बाधलं. तेव्हा सासूबाईंनी देवापुढे उभं करून वदवून घेतलं होतं की पोर बरं होऊ दे, घराबाहेरच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. पोर बरं झालं. नेम राहिला. लग्नकार्यात, प्रवासात, माहेरीसुद्धा सुगंधाबाईंनी तो पाळला. त्यात कोणाबद्दल वावगं काही नव्हतं. हे त्या स्वतःला शपथेवर सांगू शकल्या असत्या.

पण दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. माठाशी कोण येतं? भीमाबाईंच्या चाळीतली मुलं आली. नव्या इमारतीच्या वॉचमनची दोन मुलं आली. गावठाणातली मुलं वॉटरबॅगा उघडून झाडाखाली बसली. ज्यांच्या संपल्या होत्या ती एकमेकांच्या वॉटरबॅगेतलं पीत होती. माठ सावलीत, गार, दहा पावलांवर, आणि तिथे कोणी जात नव्हतं. हे काही आज सुरू झालं नव्हतं. रोज पाचाला बुंध्याशी ओतलं जाणारं पाणी हेच होतं. आणि आपण त्याला काय नाव दिलं? बचत.

शाळा सुटल्यावर त्या सरळ रखमाबाईंकडे गेल्या. जुन्या घराच्या ओट्यावर रखमाबाई वाल निवडत बसल्या होत्या. मागे त्यांच्याच खाचरात चार मजल्यांचा सांगाडा उभा होता आणि वरून सिमेंटची धूळ सगळ्या ओट्यावर उतरत होती.

"ये गो बाय. उनाची कशी आलीस? पोरीनी काय केला?"

"तिने काही नाही केलं, आजी. मी विचारायला आले. शाळेतलं पाणी पिऊ नको असं तुम्ही सांगितलंत तिला?"

"सांगला. मंग?" रखमाबाईंनी एक किडका वाल अंगणात टाकला. "आमचे घरान पयल्यापासून तसाच हाय. भीमीचा मी वाईट नाय चितीत हां. बरी बाई हाय ती. दिवालीला लुगडा देते मी तिला. पन पाणी म्हंजे पाणी."

"आजी, हे चालत नाही आता. कायद्यात सुद्धा..."

"कायदा मना नको सांगू. तू पितेस?"

सुगंधाबाईंनी तोंड उघडलं. "माझा नेम आहे, आजी. मुलाच्या आजारपणातला. मी कोणाकडचंच पीत नाही. तुमच्याकडचं सुद्धा नाही."

"तां खरा. च्या घेशील म्हनून इचारनार व्हती, तं आठावला." रखमाबाई बोळक्या तोंडाने हसल्या. मग हसू गेलं आणि सूप मांडीवरून खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तुजा नेम, माजी रीत. पन मडक्यान पाणी उरतंच ना, बाय? त्या मडक्याला काय ठावं, कोनी नेमानं सोरला न् कोनी रीतीनं?"

शांतीनगरला घरी पोचेपर्यंत सुगंधाबाई मनाशी वाद घालत होत्या. मी सगळ्यांचंच नाकारते, सगळ्यांना सारखंच. हे उत्तर नाक्यापर्यंत टिकलं. दुकानदाराने "क्या दूँ, टीचरजी?" म्हणून विचारलं तेव्हा काय घ्यायला आलो तेच त्यांना आठवेना. आणि घराच्या जिन्याशी येईतो उत्तराचा पार चुरा झाला होता. सारखंच नाकारते हे मला ठाऊक आणि देवाला ठाऊक. सलोनीला काय दिसतं? भीमाबाईंना सहा वर्षं काय दिसलं? आणि येत्या शनिवारी मला चौदा शाळांना समजावून सांगायचंय की पाणी उरतं.

सासूबाई देवापाशी जप करत होत्या. सुगंधाबाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"आई, पाण्याचा नेम सोडता येईल का?"

"सोडू नये. उद्यापन करावं." माळ फिरतच होती. "आता का?"

"माझा नेम दुसऱ्याच्या अंगावर पडतोय."

सासूबाई म्हणाल्या, "मग तो नेम नव्हे. नेमाचा भार आपण उचलायचा असतो. उपास फराळाने सुटतो, मौन बोलण्याने सुटतं. पाण्याचा नेम पाण्यानेच सुटणार. ज्या पाण्याला इतकी वर्षं नाही म्हटलंस त्यालाच नमस्कार करायचा आणि प्यायचं. झालं उद्यापन." आणि थोड्या वेळाने, "कुठलं पाणी म्हणतेस?"

"शाळेतलं."

"भरतं कोण?"

"भीमाबाई म्हणून आहेत. परभणीच्या. चाळीत राहतात, बुद्धविहाराच्या शेजारी."

माळेवरचं बोट एका मण्यावर थांबलं. तेवढा एकच मणी. मग माळ पुढे सरकली.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

सकाळी सुगंधाबाई तांब्या न घेता निघाल्या. पिशवी हलकी लागत होती आणि त्या हलकेपणाची सवय नव्हती. भीमाबाईंची तिसरी खेप नुकतीच झाली होती, पदर ओला होता.

"भीमाबाई, पाणी द्याल का प्यायला?"

भीमाबाईंनी हंडा खाली ठेवला. "तुमचा नेम हाय न्हवं? म्हनून तर मी कदी ईचारलं न्हाई."

"नेमाचं उद्यापन करायचंय."

"सा वर्सं झाली, बाई." एवढंच म्हणून त्या बाजूला झाल्या. पेला भरून द्यायला त्या पुढे झाल्या नाहीत. "माट भरलाय. ओगराळं तितंच हाय. तुमचं तुमी घ्या. मी दिलं तर तुमी माज्यासाटी प्याल्यावानी व्हईल."

सुगंधाबाईंनी माठाला हात जोडले, पेला भरला आणि प्याल्या. पाण्याला हंड्याच्या पितळेची किंचित चव होती. फाटकातून मुलं येत होती. कोणी थांबली, कोणी बघून पुढे गेली. आभाळातून फुलं पडली नाहीत. भीमाबाई पदर पिळत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

शनिवारी संमेलनाआधी पंढरीनाथने त्यांना व्हरांड्यात गाठलं. त्यांनी बुधवारीच एक पत्र पाठवलं होतं. माझी सूचना चुकीची आहे, ती मागे घेते, कारण संमेलनात सांगेन, असं.

"कारण कशाला सांगता?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "कोणी प्यायलं, कोणी नाही, हे मला कळतंय. मीही गावातच वाढलो. पण ते कागदावर आलं की चौकशी तुमच्याच शाळेची. पहिलं नाव तुमचं. त्यापेक्षा नुसतं लिहा, उन्हाळ्यामुळे पाणी कमी पडतं. तुमची बाई राहील, ते मी बघतो. बाकीच्या चौदांचं ते ते बघतील."

सरळ रस्ता होता. भीमाबाई राहणार होत्या. त्यासाठी एकच खोटं वाक्य लिहायचं होतं आणि आज काही गुरुवार नव्हता. सुगंधाबाई क्षणभर तिथे घुटमळल्या. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आली ती भीमाबाई नव्हे. आली मनगटाने तोंड पुसणारी मानसी.

"मी आत सांगते," त्या म्हणाल्या.

आत मुख्याध्यापक मंडळी मुलांच्या बाकांवर आडवे पाय करून बसली होती. सुगंधाबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज मुळात बारीक.

"ऐकू येत नाही, बाई. जरा मोठ्याने," मागून बाबाजी सर म्हणाले.

"माझ्या शाळेत पाणी उरत नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ते उरवलं जातं. पाणी भरणाऱ्या बाईंच्या हातचं नको म्हणून मुलांना घरून वॉटरबॅगा देतात. मी ते बघितलं नाही. बघितलं नाही कारण मी स्वतःच सहा वर्षं घरून तांब्या नेत होते. माझं कारण वेगळं होतं, पण मुलांना कारण दिसत नाही, तांब्या दिसतो. ते उरलेलं पाणी मी बचत म्हणून लिहून पाठवलं. ती बचत नव्हती."

दहा मिनिटं दिली होती. त्यांचं एका मिनिटात संपलं. सुगंधाबाईंची नजर बाकांवरून फिरली. जवळजवळ प्रत्येक पिशवीशेजारी एकेक बाटली उभी होती. एका सरांनी आपली बाटली हळूच पिशवीत सरकवली.

बाबाजी सर डोकं खाजवत म्हणाले, "म्हणजे बाई, आमच्याकडे पाणी का उरतं, तेही आता आम्हीच बघायचं?"

"हो सर."

"आणि दिसलं तर?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही," सुगंधाबाई म्हणाल्या. "मला बघायलाच सहा वर्षं लागली."

पंढरीनाथने पेन हातात धरलं होतं. "हे इतिवृत्तात कसं लिहू मी?"

"बोलले तसंच लिहा."

त्याने लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं. "पाण्याचा विषय तहकूब. पुढच्या संमेलनात बघू." कागद त्याने उपडा करून फाइलीत ठेवला. फाडला नाही, हेही सुगंधाबाईंनी टिपलं.

घसा कोरडा पडला होता. वर्गाच्या कोपऱ्यात त्या शाळेचा माठ होता आणि दाराबाहेर पाणी भरणारी बाई गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. आपल्याबद्दलच आत बोलणं चाललंय हे तिला माहीत होतं की नाही, कोण जाणे. सुगंधाबाई उठून माठाशी गेल्या.

"नाव काय तुमचं?"

"हंसा."

त्यांनी पेला भरला आणि प्याल्या. वळल्या तर मागे बाबाजी सर उभे होते, हात पेल्यासाठी पुढे. त्यांना तहान लागली होती की आणखी काही, ते त्यांनी सांगितलं नाही.

एप्रिलची पहिली तारीख रविवारी पडली. त्या रविवारी सुगंधाबाईंचं पूजेत लक्ष लागलं नाही. दोनदा उठून त्या गॅलरीत गेल्या. तिथून शाळा काही दिसत नव्हती. काम बंद करण्याचा लेखी हुकूम आला नव्हता, रद्द झाल्याचंही काही आलं नव्हतं. सोमवारी त्या नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर पोचल्या आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. रस्ता रिकामा होता. मग वळणावर आधी डोक्यावरचा हंडा दिसला, आणि त्याखाली भीमाबाई.

"कागद आला का, बाई?"

"नाही आला."

"मंग उद्याबी येते." त्या आत गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "कागद आला तर आदी मला सांगा. टाळ्या वाजायच्या आदी."

दुपारी माठाशी चाळीतली मुलं आली, वॉचमनची आली, गावठाणातलीही दोन-तीन आली. बाई पितात म्हणून, किंवा वॉटरबॅगेतलं पाणी तापलं होतं म्हणून. सलोनी सगळ्यांत शेवटी आली. इकडेतिकडे बघत घाईघाईने प्याली आणि टेबलापाशी येऊन कुजबुजली, "आजीला नका सांगू, बाई."

खोटं बोलायला शिकवायचं की घरात भांडण लावून द्यायचं, यातलं कोणतं, हे सुगंधाबाईंना कोणत्याच पोथीने सांगितलं नव्हतं.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "तुला सांगावंसं वाटेल तेव्हा तूच सांग."

पाचाला भीमाबाईंनी माठ उचलला. सुगंधाबाई व्हरांड्यात येऊन थांबल्या. माठ बुंध्याशी कलला. पाणी पडायला लागलं आणि पूर्वीपेक्षा लवकर थांबलं. ओतलेलं पाणी अजूनही पाव माठ तरी असेल. भीमाबाईंनी तो पालथा घातला, हात झटकले आणि निघाल्या. सुगंधाबाई झाडाखालच्या ओल्या मातीकडे बघत उभ्या राहिल्या. पाणी पुरतं मुरेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.